यात्रा गुरुवारीच झाली

"मामा, एकदाच पळवा. अर्धा घाट पळवा."

"अर्धा घाट कंच्या देवासाठी पळवत्यात, विजे?"

"देवासाठी नाही, पाहुण्यांसाठी."

"मंग पाव्हण्यांनाच जुंप गाड्याला."

विजयश्री गव्हाणीला टेकून उभी होती. चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे तिच्या मामांचा, उद्धवरावांचा, गोठा. तिच्या फोनवर तिनेच केलेली जाहिरात होती: भंडाऱ्याने माखलेला मामांचा हरण्या बैल, मागे डोंगर आणि 'आमची माती, आमचे गाडे'. चिंचवडच्या ऑफिसातली नोकरी सोडून तिने हा उद्योग मांडला होता. कंपन्यांत येणाऱ्या परदेशी लोकांना लेणी दाखवायची, किल्ले दाखवायचे, माळावरची चिंकारा हरणं दाखवायची. पण लोक विमानतळावरून हॉटेलात आणि हॉटेलातून मॉलमध्ये जात. आता कुठे एका कंपनीने कोरियन पाहुण्यांची सहल दिली होती, तीही बैलगाड्यांची शर्यत बघायला मिळणार म्हणून. ही फसली की धंदा बंद, आणि जुन्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं.

चूक तिचीच होती. पाहुण्यांना रविवार मोकळा, म्हणून गाडे पळतात ती गावची यात्रा तिने रविवारी धरली. मामींनी विचारलंही होतं, अगं, पौर्णिमा बघायची नाहीस का? पौर्णिमा गुरुवारी आली आणि यात्रा कालच होऊन गेली.

"साखरपुडे, वास्तुशांती, बारशीसुद्धा तुम्ही सुट्टी बघून करता," ती म्हणाली. "मला वाटलं, यात्राही सरकली असेल."

"आमची सुट्टी असती व्हय देवाला?" मामा हसले. मग ते हरण्याचा पुढचा पाय मांडीवर घेऊन बसले. गुडघा टम्म सुजला होता. गुरुवारी शर्यतीत घाटाच्या, म्हणजे गाडे पळवायच्या चढाच्या, माथ्यावर तो घसरला होता. विजयश्री आल्यापासून अर्धा तास बोलत होती, पायाकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

तिने फोनवर तारीख पाहिली. रविवार परवावर आला होता.

"बरं, पळवू नका," ती घाईने म्हणाली. "नुसता सजवून उभा करा. भंडारा लावा, लांब झूल घाला, पाय झाकला जाईल. मी सांगेन त्यांना, आत्ताच घाट मारून आलाय. त्यांना काय कळतंय, मामा?"

उद्धवरावांनी पाय अलगद खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं. लहानपणी याच गोठ्यात ती वासराच्या गळ्यात पडून झोपायची.

"मामा, हो म्हणा ना."

त्यांनी खुंटीवरची झूल तिथेच राहू दिली, गुडघ्यासाठी कालवलेल्या हळदीच्या लेपाची वाटी उचलली, हरण्याचं दावं सोडलं, आणि लंगडणाऱ्या बैलाच्या चालीने चालत ते त्याला घेऊन बाहेर गेले.