लहानूजींची काळी चार

पेटी उघडली आणि मला माझ्या मेलेल्या वडिलांचा राग आला.

लाखनीत माझं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. धंदा वडिलांचा, ते गेल्यापासून मी चालवतो. समोर लहानूजी बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. पवनीचे विणकर, पण ओळख गाण्याची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. तिथं भर दुपारी दंडार होते. नाच, सोंगं, गाणी. लहानूजी स्वतः पेटी वाजवत दंडारीत गायचे, तेही काळी चारमध्ये. पेटीवरची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. पुरुषाच्या गळ्याला हे फार उंच. तिशीतले गडी तिथं धापा टाकतात. लोक त्यांना 'काळी चारवाले लहानूजी' म्हणूनच ओळखायचे.

"यंदा कोंढ्याच्या मंडईत कीबोर्डवाला हाये," ते म्हणाले. "तो म्हणते, तुमची पेटी उतरली, माह्या मशीनसंगं जमत नाई. पाह्य बरं काय झालं."

पेटीत प्रत्येक पट्टीमागे पितळेची पातळ जीभ असते. तिला आम्ही सूर म्हणतो. हवा लागली की ती थरथरते आणि वाजते. प्रत्येक सुराचं घर ठरलेलं असतं. या पेटीत सगळेच सूर दोन-दोन घरं सरकवलेले होते. काळी चार दाबली की वाजायची काळी तीन. फळीवर पेन्सिलीच्या खुणा वडिलांच्या हातच्या. वरचे दोन सूर कागदाच्या पुडीत बांधून कोपऱ्यात चिकटवलेले. चूक करणारा माणूस पुडी बांधून ठेवत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

"काहून झालं असं?" लहानूजींनी विचारलं.

बापाची चूक गिऱ्हाइकाला कोण सांगतं? "जुनी पेटी हाये काकाजी. सरकतात सूर," मी थाप मारली. सूर काही आपले आपण सरकत नाहीत.

"माही काळी चार मातर काळी चारच पायजे बाप्पा."

"एकदम बरोबर करून देतो."

दोन दिवस खपलो. एकेक सूर आपल्या घरी बसवला. मोबाईलवरच्या ट्यूनरवर तपासला. काटा बरोबर मधोमध. मनातून जाम फुगलो होतो, खोटं कशाला सांगू!

पेटी नेताना म्हटलं, "गाऊन पाहा ना काकाजी."

"मंडईच्या आधी मी गळा खर्चत नाई," ते म्हणाले. त्यांचा नेमच होता तो.

कोंढ्याला मी मुद्दाम गेलो, पहिल्या रांगेत बसलो. लहानूजींनी फेटा नीट केला, काळी चारवर बोट ठेवलं आणि नमन उचललं. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीत वर चढायचं होतं. आवाज फाटला. त्यांनी पेटीकडे पाहिलं. बोट त्याच पट्टीवर होतं. खाकरले, पुन्हा उचललं. पुन्हा तिथंच फाटला. मागचे साथीदार ओळ ओढून पुढे घेऊन गेले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "थकले गड्या आता." लहानूजींनी भाता बंद केला, पेटीला हात जोडले आणि उठले.

मंडपामागे त्यांच्या बायकोनं, काकीनं, मला गाठलं.

"पेटी कोणं उघडली होती?"

"मीच. बाबांनी सूर चुकीचे बसवले होते, ते सरळ केले."

"चुकीचे?" काकी माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, मीच सांगतलं होतं तुह्या बापाले. आठ वर्षं झाले. ह्यायचा आवाज वर जाऊन नाई राहिला होता. जेवणावरची वासना उडाली होती. मंग तुह्या बापानं गुपचूप दोन घरं उतरवून देल्ली. म्हणे, वहिनी, लहानूले पट्टी दिसते, तिकडंच पाहून गाते तो. मरेपर्यंत कोणाले बोलला नाई तुहा बाप."

बरोबरच होतं. ढोलकी पेटीच्या सुराला लावतात, साथवाले पेटी ऐकून गातात. सगळेच एकदम दोन घरं खाली आले तर कोणाला कळणार? कळलं ते कीबोर्डला. आणि मला. तिथंच मंडपाच्या बांबूला धरून मी रडलो.

आठवड्यानं पवनीला गेलो. काकीनं तोवर त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. "काकाजी, पेटी द्या. होती तशी करून देतो."

लहानूजी मागावर बसले होते. हात थांबवला नाही. "म्हणजे आठ वर्षं लोकं मले काळी चारवाले म्हणत, अन् मी तीनात गाऊन राहिलो होतो."

"कोणाले काय फरक पडला काकाजी?"

"मलेच नव्हता पडला," ते म्हणाले. "आता पडते ना रे."

तेव्हापासून जुनी पेटी आली की मी स्क्रूला हात लावण्याआधी घरच्यांना विचारतो, ही आधी कोणी उघडली होती आणि कायले? गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.

लहानूजींची पेटी आता त्यांच्या मागाशेजारी कपड्यात बांधून ठेवलेली असते. तिचे सूर अगदी बरोबर आहेत, माझी गॅरंटी आहे.