शिट्टी मारणारं मशीन

"या महिनाअखेरपर्यंत एक जरी नवं गिऱ्हाईक आलं तर बोलू. नाहीतर दुकान चष्मेवाल्याला," दादाने जाहीर केलं, आणि माझ्या वहिनीचा जीव टांगणीला लागला.

वहिनी कानाची मशिनं दुरुस्त करते. भिंगाखाली तांदळाएवढा भाग चिमट्याने बसवताना ती श्वाससुद्धा जपून घेते. समोरचा कानाचा दवाखाना दुसरीकडे हलला आणि दुकानात यायला कुणी उरलंच नाही. म्हणून तिने वेबसाइट काढली. पण सर्चमध्ये पहिलं पान सोडाच, ती पाचव्या पानावरही दिसेना.

आमच्या घरात शहाणे पुष्कळ. माझ्या नवऱ्याने अक्कल पाजळली, "एकच शब्द जितक्यांदा लिहाल, तितकं पान वर!" वहिनीने ओळीओळीत 'श्रवणयंत्र' कोंबलं. आता सर्च इंजिन म्हणजे जगभरची पानं वाचून कुठे काय लिहिलंय हे लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम. असली कोंबाकोंबी त्याला बरोबर कळते. पान होतं त्याहून मागे गेलं. मी नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

दादा रोज विचारायचा, "वाजला का फोन?" असा राग यायचा त्याचा!

एका दुपारी बाबा मोबाइल नाचवत दुकानात आले. सून समोर असली तरी आधी मोबाइलला विचारायची त्यांना खोड. "तुझं दुकान यात नाहीच गं!" ते ओरडले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते सगळ्यांवर ओरडतात.

"काय टाइप केलंत, बाबा?"

"कानातलं मशीन शिट्टी मारतंय!"

वहिनीने चिमटा खाली ठेवला. "गिऱ्हाइकं काउंटरवर हेच म्हणायची," ती पुटपुटली. "श्रवणयंत्र कुणी म्हणालंय का कधी? आणि मी बसले शुद्ध भाषा लिहीत!"

तिने सगळं पुसून नव्याने लिहिलं. मशीन शिट्टी का मारतं, घामाने बंद पडलं तर काय करायचं, आवाज मध्येच का जातो. प्रत्येकाला कामाचं उत्तर. मग सर्च इंजिनला पान पुन्हा वाचायची विनंती पाठवली. ते कधी वाचेल, वाचून कुठे बसवेल, आमच्या हातात काहीच नव्हतं. काउंटरवरच्या फोनकडे बघत आम्ही नुसत्या बसून राहायचो.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी चष्मेवाला टेप घेऊन आला आणि भिंती मोजू लागला. दादाने किल्ली खिशातून काढली. वहिनी भिंग फडक्यात गुंडाळत होती. मला तिच्याकडे बघवेना.

फोन वाजला.

वहिनीने स्पीकर लावला. एका आजींचा आवाज आला, आणि त्याच्यामागे बारीक, टोकदार शिट्टी. "नातीने मोबाइलवर शोधलं, तर तुमचं नाव आलं. माझं मशीन शिट्टी मारतंय हो. दुकान उघडं आहे ना?"

वहिनीने दादाकडे बघितलं. चष्मेवालाही टेप धरून थांबला.

दादाने किल्ली काउंटरवर तिच्यापुढे ठेवली. "आहे म्हण की," तो म्हणाला. "आणि जरा मोठ्याने म्हण. त्यांना ऐकू यायचं नाही."