विंगेतली टाळी

खांदा कॉलनीच्या चौकात आमच्या नाटकाचा फ्लेक्स लागला, तो मी भाजी घेताना पाहिला. एका बाजूला ऑर्केस्ट्राचा फ्लेक्स, दुसऱ्या बाजूला भजन स्पर्धेचा, आणि मधोमध माझं तोंड. डोळे मिटलेले, ओठ वाकडे, गालावर एका पुरुषाचा पंजा. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'खोटी नव्हे, खरी थप्पड! येत्या रविवारी दुपारी.' भाजीवाली कौतुकाने म्हणाली, "ताई, तुम्हीच ना या? जोरात बसली वाटतं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेथीची जुडी तिच्या पाटीत आपटून मी तिथूनच आमच्या दिग्दर्शकांना, म्हणजे सरांना, फोन लावला आणि भर चौकात त्यांच्यावर ओरडले.

"अगं, चिडतेस काय? बुकिंग बघ ना," सर म्हणाले. "लोक तोच सीन बघायला येतायत."

नाटकातली थप्पड कशी असते, ते सांगायला हवं. नट हात उगारतो, गालाच्या जरा अलीकडून फिरवतो, नटी मान झटकते आणि त्याच क्षणी विंगेत उभं राहून कुणीतरी टाळी वाजवतं. आमच्याकडे हे काम कपडेपट बघणाऱ्या बाईंकडे होतं. पहिल्या प्रयोगाला त्यांच्या तोंडात टाचण्या आणि दोन्ही हातांत माझं पुढच्या प्रवेशाचं लुगडं होतं. मी मार खाल्ला, खाली पडले, रडायला लागले, आणि मग टाळी वाजली. नाट्यगृह खदाखदा हसलं.

नाटकात माझ्या नवऱ्याचं काम करणारा गृहस्थ ते हसणं विसरला नाही. तो कामोठ्याच्या बाजूचा, घरची शेती गेल्यावर बिल्डर झालेला, आवाज भारी, छाती भारी. गावात त्याच्यावर हसायची कुणाची टाप नव्हती, आणि इथे त्याची अख्खी आळी पहिल्या रांगांत बसून हसली होती. दुसऱ्या प्रयोगाला त्याने कुणाला न सांगता मला खरी थप्पड मारली.

सपाट, अंग टाकून मारलेली. गाल आणि डावा कान एकदम सापडले. मी पडले ते अभिनयाने नाही. कानात कुकरच्या शिट्टीसारखा एक सूर सुरू झाला, तो दुसऱ्या दिवशीही थांबेना. रंगपटात सर माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "काय घेतलीस तू! डोळ्यांतलं पाणी खरं होतं!" तो मागून आला. "वैनी, लय लागलं काय? मी पार भूमिकेत घुसलो बगा." त्या क्षणी त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. मी दात आवळून मेकअप पुसत बसले.

नाटक सोडून का दिलं नाहीस, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. शेवटच्या प्रवेशासाठी सोडलं नाही. इतकी वर्षं मी शेजारीण झाले, आत्या झाले, चहाचे ट्रे घेऊन आत-बाहेर केलं. या नाटकात शेवटी ती बायको एकटी उरते आणि पहिल्यांदा बोलते, खूप बोलते, आणि ते बोलणं माझं होतं. घरी स्वयंपाक करताना मी ते म्हणायचे. सासूबाई लसूण सोलत ऐकायच्या, उजवा कान माझ्याकडे करून. त्यांचा डावा कान तरुणपणी तापात गेला, असं घरात सगळे सांगायचे. सासरे मी पाहिले नाहीत, पण गावात अजून त्यांना देवमाणूस म्हणतात. ते भाषण मला कुणासाठी सोडायचं नव्हतं.

म्हणून मी अट घातली. प्रयोगाआधी रंगमंचावर नारळ फोडायची आमची पद्धत आहे. फोडण्यापूर्वी सगळे त्याला हात लावतात. त्या रविवारी मी म्हटलं, नारळावर हात ठेवून सांगा, मारणार नाही, टाळी विंगेतच वाजेल. सरांनी हात ठेवला. त्यानेही ठेवला, "आता तरी हसा वैनी," म्हणाला. नारळ एका घावात फुटला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं, आणि मी मूर्खासारखी निश्चिंत झाले.

नाट्यगृह भरलं होतं. माझ्या खऱ्या नवऱ्याने सासूबाईंना आणून पहिल्या रांगेत बसवलं, नीट ऐकू यावं म्हणून. आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं नाटक.

भांडणाचा प्रवेश सुरू झाला. मी वाक्यं टाकत टाकत विंगेकडे सरकले आणि आत नजर टाकली. कपडेपटाच्या बाई स्टुलावर बसून घड्या घालत होत्या. मी डोळे मोठे केले. त्यांनी ओशाळून हात हलवला. ओठांवरून मला कळलं. सर आज टाळी नको म्हणालेत.

म्हणजे नारळाचं खोबरं अजून दाढेत होतं आणि यांनी मला विकलं होतं. डोक्यात अशी तिडीक गेली की पुढचं वाक्यच आठवेना. तो जवळ येत होता. सभागृह चिडीचूप झालं, कारण सगळे याचसाठी आले होते. त्याने हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं.

हे नाटकात नव्हतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो लालबुंद झाला. "सोड," हळूच म्हणाला. मी नखं रुतवली. त्याने दुसऱ्या हाताच्या पाठीने मारली, पुन्हा त्याच कानावर. माझ्या हाताला तिपाईवरचा पितळी तांब्या लागला. मी तो त्याच्या कपाळावर घातला. रक्त आलं. त्याने माझा अंबाडा धरून मला गुडघ्यावर आणलं आणि मारत सुटला. एक दात हलला, तोंडात खारट चव आली. मी त्याच्या पोटरीला चावले.

आणि समोर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. नवऱ्यानेही वाजवल्या. नंतर त्याने स्वतःच सांगितलं, त्याला वाटलं नवीन बसवलंय.

तेवढ्यात एक आवाज आला. "आरं धरा त्याला! खराच मारतोय त्यो!"

सासूबाई उठल्या होत्या. कुणीतरी हसून म्हणालं, "आजी, बसा, नाटक हाय." त्या बसल्या नाहीत. बाजूच्या पायऱ्या चढून, पदर खोचून, त्या प्रकाशात आल्या आणि त्याच्या व माझ्या मध्ये उभ्या राहिल्या. त्याच्या छातीएवढ्या जेमतेम.

"आता मार," त्या म्हणाल्या. "मला मार. मला सवय हाय."

त्याचा हात खाली आला. सभागृहाने त्या दिवसातली सगळ्यात मोठी टाळी त्यांना दिली. सरांनी धावत येऊन पडदा पाडला.

पडद्यामागे आरडाओरडा सुरू झाला. तो कपाळ दाबून पोलिसात जायची भाषा करू लागला, सर माझी समजूत घालू लागले, नवरा धडपडत वर आला. सासूबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. पदराने माझं तोंड पुसलं.

"तुजं भाषण ऱ्हायलंय ना?"

"आई, मी घरी येते."

"घरी जाऊच. पन ते बोलून ये."

मी पडद्याच्या पुढे गेले. ओठ सुजला होता, शब्द बोबडे येत होते, डाव्या कानात शिट्टी होती आणि स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता. तरी सगळं बोलले. मध्येच कुठेतरी लोकांना कळलं असावं, कारण संपलं तेव्हा टाळी वाजली नाही. लोक माझ्या लुगड्यावरच्या रक्ताकडे बघत बसून होते.

परतताना रिक्षा चौकातून गेली. फ्लेक्स तसाच होता. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी अवघडून बसला होता. सासूबाई माझ्या डावीकडे बसल्या होत्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"कान वाजतोय काय?"

"हो. शिट्टीसारखा. थांबतच नाही."

"वाजू दे. वाजतोय तवर जिता हाय," त्या म्हणाल्या. "माजा वाजायचा थांबला, तवाच गेला."

नवऱ्याने मागे वळून आईकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.