मर्नाच्या गाड्या आणि सरकारचे हप्ते

अमेरिकेतल्या ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात मर्ना हाकालाला न ओळखणारा माणूस म्हणजे नक्कीच पाहुणा. समुद्रासमोर पत्र्याचं मोठं छप्पर, खाली गुळगुळीत लोखंडी फरशी, वर विजेची जाळी आणि मध्ये एकमेकींवर आदळणाऱ्या डॅशिंग कार, असा हाकालांचा धंदा. मर्ना शाळेत असल्यापासून तिथे तिकिटं फाडायची. मग गाड्यांचे रबरी पट्टे बदलायला शिकली. मध्ये एकदा लग्न करून पोर्टलंडला गेली, तिथल्या एका बँकेत काही दिवस खुर्चीवर बसली, आणि "इथे कुणी कुणाला धडकतच नाही!" म्हणत परत आली. नवरा काही मागे आला नाही. तिलाही त्याची फारशी चुटपुट लागली नाही.

तिचा बाप एइनो नव्वदी ओलांडून वारला, पॅनकेक खाता खाता. राहतं घर मुलाला, म्हणजे मर्नाच्या भावाला, कर्टिसला. धंदा आणि त्याखालची जमीन मर्नाला. रडून झालं, चर्चच्या तळघरात सगळ्यांबरोबर कॉफी पिऊन झाली. मग वकीलबाई रोसालिन प्रूइट म्हणाली, "मर्ना, जमिनीची किंमत सांगते. खाली बसा."

"बसलेच आहे की."

"मग काहीतरी धरून बसा."

एइनोने ती जागा घेतली तेव्हा तिथे वाळू आणि शेवाळ होतं. आता दोन्ही बाजूंना हॉटेलं उभी होती आणि राज्य वारसा कर मागणार होतं तो आजच्या भावाने. तोही वर्षाच्या आत, एकरकमी. मर्नाचा गल्ला उलटा करून झटकला असता तरी तेवढे पैसे पडले नसते.

कर्टिसचा बॉइसीहून फोन आला. "मर्ने, विकून टाक! हॉटेलवाला तयार आहे. साठी उलटली तुझी. आणखी किती वर्षं पोरांना पट्टे बांधत बसणार?"

"तू गप रे. त्याच गाडीत ओकला होतास लहानपणी, म्हणून राग आहे तुझा."

"तो निळ्या आइस्क्रीमचा दोष होता!"

पण फोन ठेवल्यावर मर्ना बंद छपराखाली बराच वेळ एकटीच बसून राहिली. सकाळी रोसालिनच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काहीतरी काढा शोधून. मी हॉटेलात टॉवेलांच्या घड्या घालणार नाही."

रोसालिनने शोधून काढलं. वारशाचा मोठा भाग घरचा चालता धंदा असेल, तर राज्य कर हप्त्याहप्त्याने घेऊ शकतं, वर्षानुवर्षं.

"म्हणजे फ्रिज घेतो तसं?"

"तसंच. व्याज लागेल. जमीन तारण ठेवावी लागेल. आणि धंदा बंद पडला की सगळी रक्कम एकदम द्यायची."

"तो कशाला बंद पडतोय!" मर्नाने तिच्या कपाळाचा मुका घेतला, आणि पार्सल द्यायला आलेल्या माणसाचाही घेतला.

अर्ज गेला. फेब्रुवारीत कर खात्यातून वेंडल ऑस्ट्रँडर नावाच्या गृहस्थांचा फोन आला. आवाज इस्त्री केल्यासारखा. "बाई, नुसती जमीन पडून असेल तर ही सवलत नाही. धंदा खरंच चालू आहे का?"

थंडीत गावात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, हे मर्नाला पक्कं ठाऊक होतं. "उन्हाळ्यात चालतो," ती खरं तेच बोलली, आणि लगेच, "पण शनिवारी या, तुम्हाला चालवूनच दाखवते!"

शनिवारी वारा माणसाला आडवा करत होता. तरी सगळं गाव आलं. मासे सोलणाऱ्या बायका गमबुटांसकट आल्या, चर्चमधले गाणारे आले, दातांचे निवृत्त डॉक्टर तर हेल्मेट घालूनच आले. मर्नाला समजवायचं म्हणून कर्टिसही आला होता. त्याला तिने काही बोलायच्या आत लाल गाडीत कोंबलं.

ऑस्ट्रँडर फाइल छातीशी धरून आत आले. मर्नाने गाडी पुढे केली.

"मला फुकट काही घेता येत नाही," ते म्हणाले, आणि रांगेत उभे राहून तिकीट काढून आले. गाडीत ताठ बसले. वळताना हात बाहेर काढून इशारा केला. तेवढ्यात डॉक्टरांनी मागून अशी धडक दिली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. ऑस्ट्रँडरनी चष्मा वर सरकवला, फाइल मांडीखाली दाबली आणि चाक गरकन फिरवून डॉक्टरांच्या मागे लागले.

"अहो साहेब, मी म्हातारा आहे!" डॉक्टर ओरडले.

"धडकायच्या आधी आठवायला हवं होतं!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्यातच जाळीची वीज गेली. मर्ना शिडीवर चढली, पेटीत काहीतरी खुडबुडली, गाड्या पुन्हा धावू लागल्या. ऑस्ट्रँडरनी धापा टाकत विचारलं, "हे सगळं बघतं कोण?" सगळ्यांनी शिडीकडे बोट दाखवलं. त्यांनी फाइलीत काहीतरी लिहिलं, आणि दुसरं तिकीट काढायला गेले.

कर्टिस खाली उतरला तेव्हा त्याचे केस उभे होते आणि डोळे पाणावले होते. "बाबा असते तर वेडे झाले असते गं," एवढंच म्हणाला. विकायची गोष्ट त्याने काढलीच नाही.

एप्रिलमध्ये रोसालिन धावतच आली. "मंजूर! हप्ते मंजूर!"

मर्नाने तिचा हात धरला आणि दोघी पळत सुटल्या, रस्ता ओलांडून, वाळूतून, कपड्यांसकट थेट लाटांत. पाणी बर्फासारखं होतं. दोघी किंचाळत बाहेर आल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि पुन्हा आत गेल्या.