तिसऱ्या वळणाचा गिअर

कुआउतेपेकच्या टेकडीवर एक रीत आहे. तिसऱ्या वळणावर टॅक्सीतली माणसं उतरतात, चढ पायी चढतात आणि वर पुन्हा गाडीत बसतात. पाठीत इंजिन असलेल्या, वाऱ्यावर गार होणाऱ्या बुटक्या वोचो टॅक्सींना भरल्या गाडीनिशी तो चढ झेपत नाही. याचं कुणाला काही वाटत नाही.

त्याच चढावर टॅक्सी चालवणाऱ्या हर्मिनियाला मात्र वाटू लागलं होतं. टेकडीवरच्या शेवटच्या घरातल्या निकानोराबाईंनी तिला चाळिसाव्या वर्षी वाचायला शिकवलं. आता बाईंचे गुडघे गेले होते. दवाखान्यातून येताना शेजारी त्यांना वळणापासून खुर्चीसकट उचलून नेत. बाईंना त्याची लाज वाटे. मुलगा त्यांना आपल्याकडे तोलुकाला न्यायचं म्हणत होता. तिथे सगळं सपाट.

हर्मिनियानं आपल्या वोचोत मोठं इंजिन बसवलं. त्या जोरानं जुना गिअरबॉक्स महिन्यात फुटला. मेकॅनिक अबुंदिओंकडे दोन होते.

"आखूड गिअरचा घे," ते म्हणाले. "हळू जाईल, पण चढेल."

"एवढं इंजिन आणि बैलगाडीचा वेग? स्टँडवरचे हसतील, उस्ताद."

तिनं लांब गिअरचा घेतला. सपाटीवर गाडी उडाली. मागे तीन टॅक्सीवाले बसवून तिनं तिसऱ्या वळणावर गाडी थांबवली आणि पुन्हा उचलली. क्लच जळल्याचा वास आला. गाडी मागे घसरली.

"काकू, रीत ती रीत," मागे बसलेल्यांपैकी चेमा म्हणाला. "उतरू का?"

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी अबुंदिओंनी चार बोल्ट सोडून इंजिन खाली घेतलं. आखूड गिअरचा गिअरबॉक्स चढवला.

"हायवेवर ट्रक मागे टाकतील तुला."

"टाकू देत. माझ्या बाई ट्रकनं जात नाहीत."

सोमवारी दवाखान्यातून परतताना वळणावर खुर्ची घेऊन दोघं शेजारी उभे होते. बाईंनी उतरायला दाराला हात घातला.

"बसा," हर्मिनिया म्हणाली.

तिनं गाडी पूर्ण थांबवली. मग पहिला गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं. गाडी माणसाच्या चालीनं वर निघाली. खुर्चीवाले रिकामी खुर्ची घेऊन शेजारून चालू लागले.

"इतकं हळू?" बाई म्हणाल्या. "पोरं पुढे जातायत की."

"मग उतरा."

बाई उतरल्या नाहीत. घरापाशी पोचल्यावर त्यांनी गाडीतूनच मुलाला फोन लावला.

"तोलुकाचं पुढच्या वर्षी बघू रे," त्या म्हणाल्या. "सध्या मला वेळ नाही."