न विचारता घेतलेलं नाव

मंदाताई गेल्याचं मला हॉस्पिटलच्या ग्रुपवर कळलं. मी दोडका चिरत होते. फोन वाजायला लागला तो थांबेचना. हात पुसून पाहिलं तर जोडलेल्या हातांची नुसती रांग, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘देवमाणूस गेला.’ मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? हे लिहिणाऱ्या निम्म्या जणी मंदाताईंबरोबर ड्युटी लागली की आजारी पडायच्या. आता महिना उलटून गेला. आमच्या डॉक्टर मॅडमनी गळ घातली की पेपरच्या पुरवणीसाठी तूच लिही, तुमचं दोघींचं किती जमायचं. जमायचं? शेवटची काही वर्षं पेशंटखेरीज आम्ही एक अवांतर शब्द बोललो नाही. लिहिते, पण गोड लिहिता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हडपसरच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा मंदाताई बाळांच्या खोलीच्या इन्चार्ज होत्या. बिबवेवाडीहून बसने यायच्या आणि बसमधला राग आमच्यावर काढायच्या. आसपास आयटी पार्क उभे राहत होते. पेशंट लॅपटॉपसकट ॲडमिट व्हायच्या आणि पाठोपाठ फुगे, फोटोग्राफर वगैरे लवाजमा यायचा. पाळण्याला झालर लावायला निघालेल्या एका बापाला त्या म्हणाल्या, “बाळ झालंय, दुकानाचं उद्घाटन नाही.” त्या बिचाऱ्याचं सगळं गणगोत तिकडे वर्ध्याला, इथे हौस करणारा तो एकटाच. त्याचं तोंड एवढंसं झालं. दुपटं जरा सैल गुंडाळलं की सगळ्यांसमोर सोडून पुन्हा गुंडाळायला लावायच्या. कौतुक नावाचा प्रकार बाईंना ठाऊक नव्हता.

मग कोविड आला. पहिल्याच लाटेत एक पॉझिटिव्ह बाई बाळंत झाली. बाळ ठणठणीत. तेव्हाच्या आमच्या नियमाप्रमाणे आई खाली, बाळ वरच्या मजल्यावरच्या खोलीत, आणि त्याला पावडरचं दूध. इकडे आईला पान्हा दाटलेला आणि ती रडतेय. मंदाताई मॅडमशी भांडल्या की आईचं दूध काढून वर न्यायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण किट घालून सारखं त्या बाईजवळ जाणार कोण? निम्म्या सिस्टर गावी निघून गेल्या होत्या.

“मी आहे. आणि वैशाली आहे,” मंदाताई म्हणाल्या.

वैशाली म्हणजे मी, तिथेच उभी होते. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी.

माझ्या घरी मधुमेह असलेल्या सासूबाई आणि नुकती शाळेत जाऊ लागलेली मुलगी. सासूबाई हडपसर गावातल्याच. जमिनी गेल्या, बोली गेली नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “लेकरू उपाशी हाय म्हणल्यावर जायाच पायजे. पर तिनं तुला इचारलं का?” मी नाही म्हणून मान हलवली. “इचारायला पायजे व्हतं,” एवढंच बोलल्या आणि माझं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं.

मी गेले. त्या बाळापासून जे सुरू झालं ते संपेचना, एकीमागून एक आया येत राहिल्या. किटमध्ये घाम डोळ्यांत उतरायचा, पुसायची सोय नाही. दूध काढून घेताना आई विचारायची, कसं दिसतं हो माझं बाळ? मी सांगायची, अगदी तुमच्यासारखं. तिच्या तोंडाला मास्क, माझ्या चष्म्यावर वाफ, ती स्वतः कशी दिसते हेच मला ठाऊक नसायचं. शेजारणी माझ्या मुलीला गॅलरीतूनही हाक मारीनात. आणि मग सासूबाईंना ताप आला. बेडसाठी अर्धं पुणं पालथं घातलं... त्या परत आल्या नाहीत. माझ्यामुळे की भाजीवाल्यामुळे, कुणी सांगावं? माझी टेस्ट निगेटिव्ह होती. तरी सांत्वनाचा प्रत्येक फोन ‘तू हॉस्पिटलात जात होतीस ना’ इथूनच सुरू व्हायचा.

कामावर परतले त्या दिवशी मंदाताईंना गाठलं. त्या वाटी-चमचा उकळत ठेवत होत्या.

“तुम्ही माझं नाव घेतलंत,” मी म्हटलं.

“घेतलं. तुझा हात हलका आहे. दुसरीच्या हातून पोराला ठसका लागला असता.”

संपलं. सासूबाईंबद्दल अवाक्षर नाही. इतक्या वर्षांत बाईंनी माझं केलेलं एकमेव कौतुक, आणि ते असल्या वेळी! मैत्रिणी समजूत घालतात की त्यांच्या मनात असेल गं, बोलता येत नसेल. एरवी तर तोंडाचा पट्टा चांगला चालायचा. त्या रिटायर झाल्या तेव्हा निरोप समारंभाला मी रजा टाकली, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. दोन पोरं आईच्या दुधावर तगली ती या बाईच्या हट्टापायी, हे मला मान्य आहे. दोन कशाला, कितीतरी. पण राग जात नाही, त्याला मी काय करू?

आता बाळांच्या खोलीची इन्चार्ज मी आहे. मागच्या आठवड्यात एक बाई अंगभर कांजिण्या घेऊन बाळंत झाली. पुन्हा तेच, बाळ वेगळं, आई वेगळी, दूध काढून वर. मॅडमनी विचारलं, कोण करेल? समोर प्रतीक्षा उभी होती. नवीन मुलगी, पण हात असा की उचललेलं बाळ झोपेतून हलत नाही. तिचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं, तिला बाहेर नेलं आणि विचारलं. “नको ताई, माझ्या वहिनीला दिवस गेलेत,” ती खाली बघत म्हणाली. मी म्हटलं, बरं. मग मीच गेले.

वरच्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसले, पहिला चमचा त्याच्या ओठांना लावला, आणि एकदम रडू कोसळलं. एवढं तर सोपं होतं, मंदाताई. मला बाजूला घेऊन विचारलं असतंत ना... मी हो म्हणाले असते.