खिडकीला धरलेला फोटो

सर्जनबाईंनी आमच्या पिशवीतला जुना एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. नवऱ्याच्या बरगड्यांतून बाहेरचा कडुनिंब हलताना दिसला.

"हा कधीचा?"

"यांची मोटारसायकल घसरली, त्या दिवशीचा. तीन वर्षं झाली."

"पोट आणि छातीमधला पडदा तेव्हाच फाटलाय. जठर छातीत चढलंय, हे बघा. उद्या ऑपरेशन करून शिवावा लागेल."

तीन वर्षं यांना दम लागला की हीच पिशवी मांडीवर घेऊन मी दवाखान्यांत बसले. प्रत्येक डॉक्टरने सोबतचा कागद वाचला, 'बरगडीला तडा', आणि गॅसच्या गोळ्या लिहून दिल्या. पाकिटातून फोटो कुणी काढलाच नाही. एवढी शिकलेली माणसं, आणि हात वर करायचा कंटाळा! मीही मेली यांच्यावरच ओरडायचे, "जेवून लगेच आडवे होऊ नका."

खिडकी तर प्रत्येक दवाखान्यात होती.